काट्यावरचे अप्पा

तिसऱ्या सोमवारी धारूरच्या बाजारात अमरनाथच्या आडत दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पोती तोलायच्या काट्यावर खुर्ची ठेवलेली आणि खुर्चीत अमरनाथचे वडील गुरुलिंगअप्पा डोळे मिटून बसलेले. लाल आकडे थरथरले, थांबले. खुर्चीचं वजन वजा जाता बावन्न किलो. गेल्या सोमवारी एकोणपन्नास होते, त्याआधी शेहेचाळीस.

"वाढलं," कुणीतरी म्हणालं आणि बायका हात जोडून पुढे सरकल्या.

काट्याशेजारी बंकट महाराज उभे होते. "डॉक्टरच्या गोळ्या अंगातलं सत्त्व लघवीवाटे भायेर काढीत होत्या," ते म्हणाले. "म्या ती गळती बुजवली. काट्यावर सरकारी शिक्का हाय, बाबांनो. त्याला भक्ती कळत न्हाई, वजनच कळतं."

मागून सुग्रीव हमाल म्हणाला, "मालक, गोदामातली तूर बी महाराजांच्या पायाशी ठिवा. आपसूक वाढंल."

हशा पिकला. अमरनाथ हसला नाही. त्याचे डोळे आकड्यांवर खिळले होते.

त्याची थोरली बहीण कावेरी दाराशी उभी होती. ती कालच लातूरहून आली होती. अमरनाथ दर सोमवारी तिला काट्याचा फोटो पाठवायचा. दुसरा फोटो पाहून तीही एक संध्याकाळ आनंदाने रडली होती. हे तिने नंतर कुणापासून लपवलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी अप्पांसमोरच स्पष्ट सांगितलं होतं. यकृताचा कर्करोग पसरला आहे, तो बरा होणार नाही. पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल, पोटात साचणारं पाणी काढता येईल, आणि हे सगळं घरी राहून होईल. अप्पा म्हणाले होते, "मला घरीच ठिवा. दुखू देऊ नका." अमरनाथने मान हलवली होती. पण नुसतं बघत बसणं त्याला जमेना. त्याने महाराजांना आणलं. महाराजांनी पाणी उतरवायच्या आणि दुखणं थांबवायच्या, दोन्ही गोळ्या बंद करवल्या आणि दिवसातून सहा वेळा तांब्याभर तीर्थ सुरू केलं.

आज ते अप्पांना एक्केचाळीस दिवसांसाठी डोंगरावरच्या मठात नेणार होते. जीप दारात उभी होती.

सकाळी अप्पांचे पाय धुताना कावेरीचा अंगठा त्यांच्या नडगीत रुतला होता. तिने तीर्थाचा घोट घेऊन पाहिला, डॉक्टरांना फोन केला. आता महाराजांचे दोन चेले खुर्ची उचलायला वाकले, तशी ती पुढे झाली.

"अमर, पावसात भिजलेलं सोयाबीन काट्यावर आलं तर तू किती धरतोस?"

"अक्का, हे काय आत्ता?"

"सांग."

"ओल बघतो. तेवढी घट कापतो. पाण्याचा भाव कोण दील?"

"मग अप्पांची ओल बघितलीस?"

तिने अप्पांचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं, नडगीवर अंगठा दाबून दहापर्यंत मोजलं आणि उचलला. मळलेल्या कणकेत पडावा तसा खळगा तिथे राहिला. भरला नाही. मग तिने त्यांच्या दंडाला अंगठा आणि बोटाचं कडं घातलं. दोन्ही टोकं सहज जुळली. मांस झडून गेलं होतं. फुगलं होतं ते पोट, आणि पाय.

"श्रद्धा नसंल तर अमृत बी विष व्हतं, बाई," महाराज म्हणाले.

कावेरीने तीर्थाचा तांब्या सुग्रीवच्या हातात दिला. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मीठ हाय. लई मीठ."

"यकृत बिघडलं की मीठ अंगात पाणी धरून ठेवतं," कावेरी म्हणाली. "गोळी तेच पाणी बाहेर काढत होती. गोळी बंद केली, वर मीठ पाजलं. वजन वाढणारच. सहा किलो वाढलं म्हणजे सहा लिटर पाणी साचलं. त्यानंच त्यांचा श्वास कोंडतोय."

अमरनाथचा चेहरा लाल झाला. "मग काय करू म्या? हात बांधून अप्पाला मरू देऊ?"

कावेरी एवढंच म्हणाली, "त्यांना विचार."

अप्पांनी डोळे उघडले. एकेका शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "चार दिस झाले, आडवं व्हता येत न्हाई. पाणी काढा. घरी न्या."

"मग बोलला काहून न्हाईत, अप्पा?" अमरनाथने विचारलं.

"तू आकडा बघून हसायचास," अप्पा म्हणाले. "म्हणून."

अमरनाथने चेल्यांचे हात स्वतः खुर्चीवरून काढले. पुढचं आपल्या माथी नाही, असं बजावत महाराज जीपमध्ये बसले.

त्याच दुपारी दवाखान्यात पोटातलं पाच लिटर पाणी काढलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अप्पा उताणे झोपले, घोरले. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी घरीच प्राण सोडला, मुलाच्या मांडीवर, कण्हणं नसताना.

भेटायला येणाऱ्यांपैकी काहीजण कुजबुजत, महाराजांचा कोप झाला. कावेरी प्रत्येकाला शांतपणे सांगे: अप्पा कर्करोगाने गेले. महाराजांनी तीन आठवड्यांचं दुखणं तेवढं वाढवलं, आणि आम्ही ते वाढू दिलं. रोग बरा होणार नाही हे कळल्यावरही करण्यासारखं पुष्कळ उरतं. दुखणं कमी करता येतं, श्वास मोकळा करता येतो, जवळ बसता येतं. तुमच्या घरात असा आजारी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचं औषध थांबवू नका. नवल दिसलं तर हात जोडण्याआधी त्याचं कारण शोधा. आणि त्याला काय हवंय ते त्यालाच विचारा. तुमच्या सुखासाठी तो गप्प बसला असेल.