ऐकत नाही

निरोपाच्या वहीत लाल शाईने चौथ्यांदा तेच आलं होतं: मुलगी ऐकत नाही. खाली आज एक ओळ जास्त होती. उद्या येऊन भेटा, नाहीतर वर्गात बसवता येणार नाही.

आई शिवणकाम करणारी. आधीच्या तिन्ही निरोपांवर तिने सही केली होती, लेकीला समजावलं होतं, आणि तिसऱ्या वेळी एक ठेवून दिली होती. कानाखाली.

दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावरच्या रिकाम्या वर्गात बाई थकून बोलत होत्या. नाव घेतलं तरी मान वर नाही, ऊठ म्हटलं तरी बसूनच. मुख्याध्यापकांनी तर हात टेकले होते.

आईने हात जोडले. "घरी माझा शब्द खाली पडू देत नाही हो, बाई."

मग काय माझ्याशीच वाकडं आहे तिचं, असं बाईंनी विचारलं.

आई सांगू लागली. घरात दिवसभर मशीन खडखडतं, हाका मारून उपयोग नाही. म्हणून ती लेकीला समोर उभी करते, म्हणते, माझ्या तोंडाकडे बघ... बोलता बोलता ती थांबली. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे तोंड करून त्या रोज शिकवत.

खिडकीजवळच्या बाकावर लेक पाठमोरी बसली होती. हाताची घडी, ताठ पाठ. जागचं हलायचं नाही, असं आईने येतानाच बजावलं होतं.

"साळू," बाईंनी हाक दिली. साळुंकीसारखी बडबडते, म्हणून साळू.

आई दोन पावलं पुढे गेली. "साळू." आणखी दोन. "साळू गं." वेणीची रिबीनसुद्धा हलली नाही.

बाई टेबलाकडे वळल्या. वही उघडी होती.

"चार वेळा लिहिलं मी," त्या म्हणाल्या, "अन् एकदाही वाचलं नाही."

"मी तर वाचून मारलं."

उद्या दवाखान्यात मीही येते, बाई म्हणाल्या, मुख्याध्यापकांशी मी बोलते, पहिल्या बाकावर बसवते. कान बरे होतील का, आईने विचारलं. ते बाईंना ठाऊक नव्हतं.

आईचा हात खांद्यावर पडला तशी लेक वळली. तिने आधी आईचे ओठ पाहिले, मग बाईंचे. दोन्ही मिटलेले.

"आज मी ऐकलं ना, आई?" ती म्हणाली. "हललेसुद्धा नाही."