फ्रिजमधली भांडी

सुमनबाई सकाळपासून पदरानं दोन्ही मनगटं झाकत होती. मनगटांत तिच्या पाटल्या होत्या, आणि झाकायच्या होत्या त्या घरच्याच माणसापासून. भिमाजी समोर भिंतीला टेकून बसला होता. त्याची नजर फ्रिजवरून उठली की सरळ तिच्या मनगटावर येऊन बसायची.

दुपारी दुकानाचा टेम्पो येणार होता. हप्ते थकले होते. पाटल्या सोनाराकडे गेल्या तर फ्रिज राहणार होता, नाहीतर घरांच्या अख्ख्या लाइनीसमोर उचलला जाणार होता.

"एवढं तोंड पाडून बसू नका," ती म्हणाली. "टेम्पो यायचाय, तिरडी नाय."

"तुला हसू येतंय."

"रडून हप्ता फिटतो काय? फिटत असला तर सांगा, दोघं मिळून बसू."

भिमाजी जवळ सरकला. "सुमन, दोन महिन्यांचा सवाल हाय. ओव्हरटाइम सुरू झाला की पहिल्या पगाराला पाटल्या सोडवून आणतो."

"घड्याळ पण असंच सोडवून आणणार होता तुम्ही."

भिमाजीनं आपलं मोकळं मनगट मांडीखाली दडपलं.

त्या पाटल्या तिला कुणी घातल्या नव्हत्या. लग्नाआधी सिन्नरला तिनं विड्या वळल्या होत्या, मान मोडेस्तोवर. तिच्या आईनं, बयाबाईनं, त्या विड्यांच्या पैशातून थोडंथोडं बाजूला टाकलं आणि त्यातून ह्या पाटल्या झाल्या. नवऱ्यानं दुसरं काहीही मागितलं असतं तर तिनं हसत काढून दिलं असतं. माणूस वाईट नव्हताच. दारू नाही, पत्ते नाहीत. पगाराच्या दिवशी बायकोसाठी भेळ बांधून आणणारा माणूस. त्याला एकच रोग होता, चांगली वस्तू दिसली की ती आपल्या घरात का नाही असं त्याला वाटायचं.

मेन रोडवरच्या दुकानदारानं हे बरोबर ओळखलं. भिमाजी गेला होता टेबलफॅनची किंमत विचारायला. दुकानदारानं बसायला खुर्ची दिली, थंडा पाजला, वर 'साहेब' म्हणाला. सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हणत होतं. तेवढ्या एका शब्दावर भिमाजीनं फ्रिजच्या कागदांवर दाखवलं तिथं सह्या ठोकल्या. ज्याला कुणी कधी बस म्हटलं नाही त्याला खुर्ची द्यायची, एवढीच ह्या लोकांची विद्या. पगारात हप्ता बसत नव्हता. तो बसवला ओव्हरटाइमच्या जिवावर, जसा काही ओव्हरटाइम बापानं नावावर करून ठेवलाय. मग ब्याऐंशी साल उजाडलं, वीजकपात आली, कारखान्यानं ओव्हरटाइम बंद केला. हप्ता मात्र चालूच.

आता कुणी शहाणा म्हणेल, ऐपत नव्हती तर घेतला कशाला? त्या शहाण्यानं आधी नीट ऐकावं. घोटीजवळच्या गावात भिमाजीचा बाप भर उन्हात विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभा राहायचा. कुणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. नाही आली तर तो आपला उभाच. पोरगा भिमाजी त्याच्या धोतराला धरून हे बघायचा. त्याच भिमाजीच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, बर्फ तयार करणारं कपाट आलं. आल्या दिवशी तो दारोदार फिरला. "भांडी आणा, दूध आणा, काय असंल ते आणा. फ्रिज सगळ्यांचा!"

आणि लोकांनी आणलं. ज्याच्या त्याच्या नावाची कोरलेली पातेली, डबे, तांबे आत ओळीनं बसले. भिमाजीचं स्वतःचं ठेवायला जागा उरायची नाही. कधी दार उघडून तो ती नावं वाचत उभा राहायचा. सुमनबाई ओरडायची, "लावा ते दार, वीज जातीय!"

समोरच्या लाइनीतली कुसुमवहिनी तर सकाळ-संध्याकाळ यायला लागली. तिचा नवरा दिवाकर सरकारी कचेरीत कारकून. ह्या घरात वहिनीनं कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. एकदा उपास, एकदा पित्त, एकदा 'आत्ताच चहा झाला हो'. पण फ्रिज आला आणि पहिलं पातेलं तिचंच आलं.

"बघितलंस?" भिमाजी जेवताना म्हणायचा. "माणसं बदलतात. संधी द्यावी लागते."

सुमनबाईनं बघितलं होतं. वहिनी येते, फ्रिज उघडते, पातेलं घेते, जाते. बसत नाही. पण नवऱ्याच्या तोंडावरचा आनंद एवढा होता की तो पुसायचं तिच्यानं झालं नाही. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, एवढंच.

आज तो पुन्हा त्यावरच आला. हळू, भिंतीकडे बघत. "हप्त्याचं मला काय नाय गं. फ्रिज गेला तर आपल्या दारात कोण येणार?"

हे मात्र सुमनबाईला लागलं. हा बाबा थंड पाण्यासाठी फ्रिजला धरून बसलेला नाही हे तिला कळतच होतं, पण त्यानं ते तोंडानं सांगितलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती उठली, मोरीत गेली. पाटल्या लग्नापासून हातात रुतलेल्या. तिनं मनगटाला साबण लावला आणि ओढायला लागली.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला.

दुकानाचा वसुलीवाला भिकन दारात आला. मालेगावकडचा, अहिराणी बोलणारा माणूस, सोबत दोन हमाल. त्याचीच मान खाली. "काय करू भाऊ, पोटना सवाल शे. रिकामा करी द्या."

"जरा थांब," भिमाजी मोरीकडे बघत म्हणाला. "सोय होतीय."

लाइनीतली माणसं दारापुढे जमली. सुमनबाई तशीच, साबणाच्या हातानं बाहेर आली. पाटली अंगठ्याच्या हाडाशी अडकली होती. "सोय होईल नाय तर नाय होईल," ती म्हणाली, "पण लोकांची भांडी आधी लोकांना जाऊ द्या. या गं, ज्याचं त्यानं घ्या!"

चिमणाबाई पहिली आली. शेजारची म्हातारी, साखरेचा आजार, तिची सुईची बाटली फ्रिजमध्ये असायची. तिनं बाटली घेतली आणि ती उंबऱ्यावरच फतकल मारून बसली.

"मावशी, आता सुईचं औषध कुठं ठेवशील गं?" भिमाजीनं विचारलं. त्याला वाटलं, निदान हिच्यासाठी तरी फ्रिज राहायला पाहिजे.

"माठाखाली, ओल्या वाळूत. आधी कुठं ठेवत होते? तू लय मायेनं म्हणालास म्हणून इथं आणली. रात्रभर घुरघुर करतंय मेलं, माझी झोप गेली. सुमन, चहा टाक गं, घसा सुकला बघ्यांच्या गर्दीत."

सुमनबाईनं हात न धुताच स्टोव्ह पेटवला. फ्रिजमधलं आपलं उरलंसुरलं दूध सगळं ओतलं. चहा उकळत होता तेव्हा कुसुमवहिनी गर्दीतून वाट काढत आली.

"अगंबाई, खरंच नेतात की काय? माझा चक्का आहे हो आत. आणि दुधाचं आता काय करायचं? भरउन्हाळ्यात!"

"आधी बसा वहिनी," सुमनबाई म्हणाली. "आजच्या दिवस घोटभर चहा घ्या." तिनं पाहुण्यांचा कप काढला, पुसला, भरला आणि पुढे केला.

"नको हो. आज गुरुवार ना माझा."

"गुरुवारी दूध चालतं ना? ह्यात दूधच जास्त हाय. तुमच्याच पातेल्याशेजारी ठेवलं होतं."

सगळे वहिनीकडे बघायला लागले. हमालसुद्धा. वहिनीचं तोंड लाल झालं. "तसं काही नाही हो सुमनबाई, तुम्ही भलतंच... यांचा डबा व्हायचाय." तिनं चक्क्याचा डबा उचलला, पातेलं उचललं आणि मागे न बघता गेली.

सुमनबाईच्या हातात कप तसाच राहिला. भिमाजी कपाकडे बघत होता. मग त्यानं रिकाम्या फ्रिजकडे बघितलं, मग उंबऱ्यावर बशीत फुंकर मारत बसलेल्या चिमणाबाईकडे.

"सुमन," तो म्हणाला, "हात धू."

"आणि पाटली?"

"वर सरकव ती. हात सुजंल."

तो उठला आणि स्वतःच फ्रिजच्या एका बाजूला उभा राहिला. हमालांनी फ्रिज कलता केला तसा तो खेकसला, "अरे ए, आडवा नको करू! कॉम्प्रेसर जाईल त्याचा. उभा धर. उंबरा संभाळ, मावशीचा पाय हाय तिथं." भिकन तोंड उघडं टाकून बघत राहिला. वस्तू हिसकावली जात असताना ती जपणारा माणूस त्यानं पहिल्यांदा बघितला असावा. भिमाजी टेम्पोपर्यंत गेला, दोरी त्यानंच आवळली, ओरखडा पडू नये म्हणून मधे गोणपाट घातलं.

भरलेले हप्ते दुकानदाराचे आणि फ्रिजही दुकानदाराचाच. ह्याला व्यवहार म्हणतात. भिमाजीनं दुकानदाराशी असं केलं असतं तर चौकीत बसवला असता. पण भिमाजीनं शिवी दिली नाही. घामाघूम होऊन तो आत आला आणि स्टोव्हपाशी बायकोसमोर येऊन बसला.

"वहिनीचा चहा कुठंय?"

"हा काय."

"दे इकडं. टाकायचा कशाला?" त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गार झाला की गं."

"मग?" सुमनबाई म्हणाली. "तुम्हाला गारच लागतं ना सगळं? त्यापायी तर एवढं झालं."

भिमाजीला एवढं हसू फुटलं की कप हिंदकळला. उंबऱ्यावरून चिमणाबाई ओरडली, "काय झालं रे? मला पण सांगा की!"

"काय नाय मावशी," तो म्हणाला, "बायको शहाणी हाय माझी." त्यानं अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी सुमनबाईपुढं सरकवली.