गुरुवार माडसामीचा

पूंगावनमला टीबी दुसऱ्यांदा निघाला, तेव्हा आधी मी चार शिव्या घातल्या आणि मगच तिला दवाखान्यात नेलं. पहिल्या खेपेला औषधं नीट चालली होती. तिसऱ्या महिन्यात फुटपाथ मोकळा करायला पालिकेचा ट्रक आला, तिचं गाठोडं घेऊन गेला आणि गोळ्याही त्यातच गेल्या. आता नर्सबाई ओरडतील म्हणून ही बया दवाखान्याकडे फिरकलीच नाही. पुढे खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि तिची सात वर्षांची तेनमोळी वसतिगृहात गेली. आई बरी झाल्याचा कागद आणा आणि मुलगी घेऊन जा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं.

मी एल्लम्माळ, फूलबाजारामागच्या त्याच फुटपाथवर गजरे विकते. जन्मलेही तिथंच.

नर्स देवकिरुबै कार्ड बघून म्हणाली, "पुन्हा अर्ध्यावर सोडणार ही. घर नाही, दार नाही. गोळ्या ठेवणार कुठं?"

"तिनं नाही सोडलं, ट्रकनं सोडायला लावलं," मी म्हणाले. "आठवड्याच्या गोळ्या एकाच गाठोड्यात ठेवायच्याच कशाला? आम्ही सात जण एकेक दिवस वाटून घेतो. ट्रक आला तरी सगळं काही जायचं नाही."

"आणि कुणी विसरलं तर?"

"मग त्याची गाठ माझ्याशी आहे."

तिला हसू आलं. कार्डावर पत्त्याच्या जागी तिनं लिहिलं, 'एल्लम्माळ फुलवालीच्या शेजारी'. वर दम दिला, "एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

सोमवार मी घेतला, मंगळवार इडलीवालीनं. बाकीचेही दिवस गेले, फक्त गुरुवारला माणूस मिळेना. उरला होता माडसामी मोची. चार वर्षांपूर्वी त्यानं माझ्या पिण्याच्या घागरीतलं पाणी पाय धुवायला घेतलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

"पूंगावनम, गुरुवार माझा," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "पण त्या फुलवालीला सांग, मला शहाणपण शिकवायचं नाही."

"त्याला सांग, शिकवून येणाऱ्यातला तो नाही," मी म्हणाले.

रोज सकाळी ज्याचा वार तो गोळ्या घेऊन यायचा. पूंगावनम त्या उपाशीपोटी गिळायची आणि जीभ काढून दाखवायची. लघवी लाल होते म्हणून ती घाबरली, तेव्हा नर्सनं सांगितलं, औषधानंच होते. मग इडलीवाली रोज विचारायची, "काय गं, रंग पक्का आहे ना?"

पाचव्या महिन्यात, एका बुधवारी दुपारी, पुन्हा ट्रक आला. सगळ्यांची पांगापांग झाली. घागर तेवढी मी कमरेवरून सोडली नाही. आम्ही दोघी पुलापलीकडच्या देवळाच्या मंडपात जाऊन पडलो.

गुरुवार उजाडला. पूंगावनम उपाशीच बसून राहिली. दहा वाजले, अकरा वाजले.

"अक्का, चुकला आजचा दिवस. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. आता माझी पोर काही मला मिळत नाही."

"गप्प बस," मी म्हणाले. पण माझाही धीर सुटला होता. माडसामीला मी मनात नाही नाही ते बोलत होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो आला, अनवाणी, लंगडत. हातात काळ्या पॉलिशची एक डबी होती.

"चार देवळं पालथी घातली," तो धापा टाकत म्हणाला. "पूंगावनम, धर. पॉलिशचा वास येईल. नाक दाबून गीळ."

"आणि तुझी पेटी रे, अण्णा?" तिनं विचारलं.

"ती गेली ट्रकमध्ये. ओढाओढीत एकच वस्तू हाती लागणार होती."

त्या पेटीत त्याची आरी होती, ऐरण होती, सगळं पोट होतं. मला स्वतःची लाज वाटली. पूंगावनमनं गोळ्या गिळल्या, जीभ दाखवली. मी घागर उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"पी. उरलं तर पाय पण धू."

"बघ हं, नंतर भांडशील," तो म्हणाला. थेट माझ्याकडे बघून.

त्या पेटीसाठी आम्ही सगळे पालिकेच्या गोदामाच्या दारात जाऊन बसलो, रोज. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्यांनी पेटी बाहेर आणून ठेवली.

उरलेल्या दिवसांत एकही वार चुकला नाही. सहा महिने भरले, थुंकी तपासली, काही निघालं नाही. देवकिरुबैनं तो कागद आम्हांला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला.

कागद घेऊन आम्ही वसतिगृहात गेलो. बाईंनी तो वाचला आणि पूंगावनमला विचारलं, "सोबत घरचं कुणी आलंय?"

बाकावरचे आम्ही सातही जण उभे राहिलो. माडसामी सगळ्यांच्या पुढे.

"एवढे सगळे?"

"सगळे," मी म्हणाले. "सोमवारपासून रविवारपर्यंत."

तेवढ्यात तेनमोळी धावत आली आणि आईपासून दोन हातांवर थांबली. जवळ यायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. पूंगावनमनं तोंडावरचा पदर काढला, पोरीला ओढून घेतलं आणि तिच्या गालांचे मुके घेत सुटली.