गाळून ठेवलेलं पाणी

द्वारकाबाईला बूड टेकवून बसणं ठाऊकच नव्हतं. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत बाकीच्या बायका दारात बसून लसूण सोलायच्या, ही बया उभ्यानं सोलायची आणि सोलता सोलता दोनदा नळाकडं जाऊन यायची. बरं, नळाला पाणी असतं तर गोष्ट वेगळी. पाणी येणार आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी, तेही कधी पहाटे तर कधी भर उन्हात. तरी हिचा कान आपला तोटीला लागलेला. कडूबा, तिचा नवरा, चिकलठाण्याच्या कंपनीतून पाळी करून यायचा आणि चपला काढता काढता म्हणायचा, "अगं, नळ काय पळून चाललाय का?"

"नळ नाय पळत, पाणी पळतंय," ती म्हणायची आणि पुन्हा बाहेर जायची.

त्यात यंदाच्या उन्हाळ्यात लेक आली होती. गोदा, एकुलती एक, आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण गंगापूरच्या विहीणबाई, साळूबाई, त्यांनी सुनेला पाठवतानाच फाटा फोडला. ओटीभरणाला चारचौघी जमलेल्या, त्यांच्यापुढं म्हणाल्या, "तुमच्या शहरात पाणी आठ-आठ दिवस पिंपात ठेवतेत म्हणं. ते शिळं पाणी पाजणार का माझ्या सुनंला? त्यापरीस राहू द्या तिला हितंच."

द्वारकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "इहीणबाई, काचंसारखं पाणी पाजीन मी माझ्या पोरीला! तिचं पोट नुसतं दुखलं ना, तर मी स्वतः तुमच्या दारात आणून सोडीन तिला!"

बोलून बसली. जिभेला हाड कुठं असतं? आणि मग त्या बोलण्यानंच तिचा पिच्छा पुरवला. गोदा माहेरी राहणार की जाणार, लेकीचं बाळंतपण आपल्या हातानं होणार की नाही, सगळं आता त्या पाण्यावर आलं होतं. तिला घास गोड लागेना.

दुसऱ्याच दिवशी ती शहागंजात मुबारकभाईच्या दुकानी हजर. त्याच्याकडं नळाला लावायचे फिल्टर मिळायचे. मुबारकभाई माणूस निवांत. त्यानं एक फिल्टर उघडून आतली काळी कांडी दाखवली आणि कौतुकानं सांगायला लागला.

"हा कोळसा हाय भाबी. साधा नाय, खास भाजलेला. ह्याला डोळ्याला दिसणार नाय अशी लाखो भोकं. पाण्यातला वास, पिवळेपणा, औषधाचा उग्रपणा, कुठून फवारणीबिवारणीचं विष उतरलं असंल तर त्यातलं बी बरंच, हा आपल्या अंगाला चिकटवून घेतो. कांडी भरली की बदलायची, कंजुषी करायची नाय. आन् सुनो भाबी, एक बात..."

पण भाबी कुठल्या थांबायला! त्यांना रिक्षा दिसली होती. फिल्टर पिशवीत टाकून त्या रस्त्याच्या पलीकडंसुद्धा पोचल्या होत्या.

नळ आला त्या दिवशी द्वारकाबाईनं फिल्टर तोटीला बसवला. फिल्टरला जोर लागतो पाण्याचा, आणि मुकुंदवाडीत जोर म्हणजे नळ चालू असतो तेवढाच वेळ. म्हणजे गाळायचं ते त्याच वेळात गाळून घ्यायचं, एवढं काय त्यात डोकं लावायचं? तिनं एक नवंकोरं झाकणाचं पिंप आणलं होतं. आधी वापराचं मोठं पिंप सरळ पाइपानं भरलं आणि मग हे पिण्याचं पिंप फिल्टरच्या बारीक धारेखाली लावलं. धार कसली, शेळीचं दूध काढावं तशी. पलीकडच्या फहमिदानं घर भरून, अंगण धुऊन हसत विचारलं, "द्वारका, आमच्या आंघोळ्या झाल्या गं, तुझं पिंप अजून अर्धंच?"

"असू दे! तुमचं पाणी पाणी हाय, माझं अमृत हाय!"

आणि खरंच, पहिला गिलास प्यायल्यावर गोदासुद्धा म्हणाली, "आई, लई गोड लागतंय गं." ब्लिचिंगचा वास नाही, गढूळपणा नाही. द्वारकाबाईची छाती अशी फुगली की विचारू नका. एकटा कडूबा तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्याला चवच नाय. आपल्याला नळाचंच पाणी पाहिजे बुवा," आणि तो आपला तांब्या वापराच्या पिंपात बुडवून प्यायला लागला.

"गाढवाला गुळाची चव काय," द्वारकाबाई म्हणाली.

आठवडा सरत आला आणि गोदाचं पोट बिघडलं. आधी नुसतं ढवळत होतं, मग उलट्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. आठव्या महिन्यातली बाई, पोटाला हात लावून "आई, बाळ हलंना गं" म्हणाली तेव्हा द्वारकाबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवून बाळाची धडधड ऐकवली तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगातलं पाणी कमी झालंय. खाण्यापिण्याला जपा. स्वच्छ पाणी द्या, भरपूर द्या."

"आमच्याकडं फिल्टर हाय," द्वारकाबाई ठसक्यात म्हणाली.

पाणी तर फिल्टरचं. मग बाधलं काय? ती दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. पाणीपुरी? गोदा बाहेर पडलीच नव्हती. भाजी? ती तर सगळ्यांनी खाल्ली. आणि मग तिला लाडू आठवले. साळूबाईंनी सुनेबरोबर रव्याच्या लाडवांचा डबा दिला होता, घरच्या म्हशीच्या तुपातले. सापडलं! राग असा कामाला आला की चोर सोडून संन्याशाला फाशी. तिनं व्हरांड्यातूनच फोन लावला.

"इहीणबाई, तुमच्या लाडवातलं तूप खवट होतं वाटतं. पोर सलाईनवर पडलीय माझी."

घरच्या म्हशीच्या तुपाला नाव ठेवणं म्हणजे घरालाच नाव ठेवणं. ते काय द्वारकाबाईला कळत नव्हतं? साळूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हशींची सोय लागली की येते मी." आणि फोन बंद झाला.

दवाखान्यात गोदा दोन दिवसांत टवटवीत झाली. तिथं जारचं पाणी होतं. घरी आणली, द्वारकाबाईनं तासातासाला उशाशी गिलास धरला, "पी बाई, भरपूर प्यायला सांगितलंय," आणि पिंपाच्या तळाचं अमृत पाजत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर पुन्हा मोरीत वाकलेली. आता मात्र द्वारकाबाईचं डोकं फिरायची वेळ आली. ती आतबाहेर करायला लागली. अंगणात जायची, परत यायची, गोदाच्या पाठीवरून हात फिरवायची, परत अंगणात. तिचं स्वतःचंही पोट चार दिवस गुरगुरत होतं, ते तिनं काळजीच्या नावावर टाकलं होतं.

"ते लाडू कुठं गेले?" तिनं एकदम विचारलं.

कडूबा खाटेवर पेपर वाचत होता. "खाल्ले."

"कुणी?"

"म्या. कचऱ्यात टाक म्हणाली होतीस. अन्न टाकवंना. डबा संपिवला सगळा. लई झकास होते."

"आन् तुम्हाला काय झालं नाय?"

"भूक वाढली."

द्वारकाबाई त्याच्याकडं बघत उभी राहिली. लाडू खाऊन हा माणूस ठणठणीत. गोदानं खाल्लं तेच त्यानंही खाल्लं, भाजी एक, भाकरी एक. फरक कुठं, तर हा बाबा पाणी पितो वापराच्या पिंपातलं. आजारी पडलेल्या दोघी, मायलेकी, त्या नव्या पिंपातलं पितात. नको, नको म्हणत तिनं नव्या पिंपाचं झाकण काढलं आणि आत हात घालून कडेवरून बोट फिरवलं. बोट सर्रकन घसरलं. शेवाळल्यासारखं बुळबुळीत. नाकाशी नेलं तर कुबट वास. मग वापराच्या पिंपाशी गेली. तिथं एवढ्या दिवसांनीही ब्लिचिंगचा उरलासुरला वास होता आणि कड खरखरीत होती.

तिनं मुबारकभाईला फोन लावला तो भांडायलाच. "तुझा फिल्टर नासका निघाला! पोर मरणाच्या दारात गेली माझी!"

"भाबी, भाबी, आस्ते. पानी गाळून तुम्ही काय करता?"

"पिंपात भरते."

"आन् पिता कधी?"

"कधी म्हंजी? पुढचा नळ येईस्तोवर!"

"या अल्ला," मुबारकभाई म्हणाला. मग हळू आवाजात बोलायला लागला. "भाबी, नळाच्या पाण्यात जे औषध टाकतात ना, ते उग्र लागतं पन तेच पानी राखतं. जंतूंना वाढू देत नाय. कोळसा ते औषधच खाऊन टाकतो. म्हनून तर पानी गोड लागतं. पन मग त्या पान्याला राखणदार कोन? जंतू काय कोळशानं मरत नाय. ह्या उन्हात चार-सहा दिवस ठेवलं की संपलं. नळाचं पानी तसंच साठवायचं, आन् पिताना गिलासभर, तांब्याभर गाळायचं. पिंप उंचावर ठेवा, खाली तोटी बसवून देतो, फिल्टर त्याला लावू. हेच सांगत होतो दुकानात. तुम्ही ऐकायला थांबल्या कुठं?"

द्वारकाबाईनं फोन कानावरून खाली घेतला. म्हणजे फिल्टर चांगला, पाणी चांगलं, तूपही चांगलं. आणि आजारी पोरीला तासातासाला उठवून ते पाजणारे हात तेवढे आपले. एखाद्या वैरिणीनं केलं नसतं ते आईनं केलं होतं. तिला हुंदकाही फुटेना.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

साळूबाई उतरल्या. गंगापूरपासून उन्हात आलेल्या, तोंड लालबुंद, पदरानं घाम पुसत आत आल्या आणि "रामराम" न घालताच खुर्चीवर बसल्या. द्वारकाबाईकडं बघितलंसुद्धा नाही. सुनेला म्हणाल्या, "पिशवी भर. तूप खवटलेलं असंल आमचं, पण न्यायला आलेय मी तुला."

घरी आलेल्याला आधी पाणी द्यावं, हे पोरीच्या हाडात मुरलेलं. अशक्त गोदा भिंत धरत उठली, नव्या पिंपातून गिलास भरला आणि सासूच्या हातात दिला. द्वारकाबाई फोन हातात धरून मोरीच्या दारात उभी होती. साळूबाई तहानलेल्या होत्या. त्यांनी गिलास सरळ ओठाला लावला.

आता बघा, गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? पिंप मागाहून गुपचूप उलथं करता आलं असतं. फिल्टर बिघडला म्हणता आलं असतं. मुबारकवर ढकलता आलं असतं. तेही मनात आलं, खोटं कशाला बोला! पण द्वारकाबाई धावली आणि विहिणीच्या ओठाचा गिलास तिनं हिसकून घेतला. पाणी साळूबाईंच्या लुगड्यावर सांडलं, गिलास फरशीवर गडगडत गेला.

कडूबा खाटेवरून उठून उभा राहिला. तहानलेल्या पाहुणीच्या तोंडचं पाणी काढून घ्यायचं, दुश्मनाच्या घरीसुद्धा असं कुणी करत नाही.

साळूबाई ताडकन उठल्या. "पाणी बी नाय पाजायचं का मला? एवढी वैरीण झाले मी?"

"पिऊ नका ते!" द्वारकाबाई ओरडली. "त्या पाण्यानंच आजारी पाडलं तुमच्या सुनंला. तूप चांगलं होतं इहीणबाई. ह्यांनी डबाभर लाडू खाल्ले, काय झालं नाय. म्या पाणी गाळून आठवडा आठवडा ठेवलं. ठेवून मग गाळायचं असतं, म्या उलटं केलं. मला सांगत होता तो माणूस, म्या ऐकलं नाय. माझ्या हातानं पाजलं म्या तिला. आजारी असताना बी पाजलं." आणि मग जो बांध फुटला, तो फुटलाच. रडत रडतच ती कोपऱ्यात गेली आणि गोदाचे कपडे पिशवीत कोंबायला लागली. "न्या तिला. मी बोलले होते, पोट दुखलं तर आणून सोडीन. न्या."

"आई," गोदा म्हणाली, "मला कुणी इचारणार हाय का?"

कुणी विचारलं नाही. कडूबा गुमान आत गेला आणि त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकला. निदान तो तरी उकळलेला असणार होता. साळूबाईंनी लुगड्याचा ओला पदर पिळला. नव्या पिंपाशी जाऊन आत बोट फिरवलं, वास घेतला आणि पदराला बोट पुसलं. त्या आल्या होत्या भांडायला. सगळ्या वाटेनं शब्द जमवत आल्या होत्या, आणि आता त्यातला एकही कामाचा राहिला नव्हता.

"पिशवी कुणाची भरताय?" त्यांनी विचारलं.

"गोदाची."

"तुमची बी भरा."

द्वारकाबाईचे हात थांबले. "माझी कामून?"

"पहिलटकरणीला आई लागती. मी काय रात्रंदिस तिच्या उशाशी बसू? म्हशींचं कोण करंल? बाळंतपण होईस्तोवर राहायचं तुम्ही गंगापूरला."

"आवं, असं कुठं असतं का!" द्वारकाबाईनं डोळे पुसले. "आई कधी लेकीच्या सासरी जाऊन राहती का? लोक तोंडात शेण घालतील. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी बी पीत नाय आम्ही."

"म्हणूनच," साळूबाई म्हणाल्या. "माझ्या ओठाचा गिलास हिसकला ना तुम्ही? माझ्या जिवासाठी हिसकला, ते दिसतंय मला. आता मी देईन तो गिलास तुम्हाला प्यावा लागंल. चला, जीपवाला खोळंबलाय."

द्वारकाबाई पिशवी छातीशी धरून उभी राहिली. नको म्हणायला तोंड उघडलं, पण भलतंच बाहेर आलं.

"पण... उकळून द्याल ना?"

साळूबाईंना रडावं की हसावं कळेना. त्यांनी विहिणीचा हात धरला आणि म्हणाल्या, "उकळून, गार करून, माझ्या हातानं."