धुळीचा खोकला

केरसुणी हाती घेण्याआधी आक्का जमिनीवर पाणी शिंपडते. लातुरातल्या तिच्या खानावळीची फरशी गुळगुळीत, धुळीचा कण सापडायची मारामार. तरी चैत्रातलं कोवळं ऊन खिडकीतून आत उतरू लागलं की तिच्या ओंजळीतून थेंब सुटतात, आणि मगच माझ्या या थोरल्या बहिणीचं झाडणं सुरू होतं. जेवायला येणारी क्लासची पोरं हसतात. हसू देत बापडी.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं तान्हं बाळ खोकू लागलं. खोकून खोकून निळं पडायचं, आणि श्वास आत ओढताना त्याच्या इवल्या गळ्यातून शीळ घातल्यासारखा आवाज निघायचा. पडलेल्या भिंतींची माती तेव्हा अन्नात, अंथरुणात, पापण्यांत होती. साहजिकच सगळ्यांनी त्याला धुळीचा खोकला ठरवलं. धूळ खाली बसली की खोकला जाईल, म्हणाले. म्हणून आक्का दिवसभर शेड झाडत राहिली. बाळ गेलं, आणि तिच्या मनानं घेतलं की आपणच धूळ उडवली, आपणच त्याला मारलं. तेव्हापासून हे पाणी.

एरवी ती मोठी बोलघेवडी. पोळी वाढताना पोरींची थट्टा करते, कुणी अर्धपोटी उठली तर डोळे वटारते. पण पंगतीत कुणी खोकलं की तिचा हात जागीच थांबतो आणि चेहऱ्यावरचा उजेड मावळतो. मला तेव्हा तिच्याकडे बघवत नाही.

यंदा इस्लापूरहून क्लासला आलेली एक मुलगी असाच दम कोंडेपर्यंत खोकू लागली. आक्कानं ताट तसंच टाकलं आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा नमुना मी काम करते त्या प्रयोगशाळेत पाठवला. नाकातून पार मागं बारीक काडी घालून घेतलेला तो स्राव. त्यात जंतूच्या डीएनएचा लवलेश जरी असला, तरी यंत्र त्याच्या प्रती वाढवत नेतं आणि पडद्यावरची रेषा वर चढू लागते. ती चढली. डांग्या खोकला. औषध सुरू झालं, मुलगी बरी होऊ लागली.

आक्काला मी जवळ बसवून सांगितलं, की तुझ्या बाळाला हेच झालं असणार. दोष जंतूचा होता, झाडण्याचा नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू मायेपोटी सांगायलीस," ती म्हणाली. "मला मशिनीनं सांगितलेलं पायजे."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. पदराखालून तिनं बाळाची कुंची काढली. गळ्यापाशी खोकताना ओघळलेल्या लाळेचा पिवळट, कडक झालेला डाग होता. कुंची कधी धुतलीच नव्हती. याच्यातनं निघतंय का बघ, एवढंच म्हणाली.

इतक्या उन्हाळ्यांतून गेलेल्या त्या डागाबद्दल आमचं यंत्र खात्रीनं काही सांगू शकणार नव्हतं. जंतू सापडला नाही, तरी तो नव्हताच असं म्हणता येणार नव्हतं. बहिणीशी खोटं बोलवेना. खरं तेच सांगितलं. तिनं कुंचीची घडी घातली, छातीशी धरली, आणि धाकटीनं थोरलीला विचारावं तशी हळूच म्हणाली,

"मग आता धुऊ का गं?"

सारा काळ तिनं त्या एवढ्याशा कापडात थोपवून धरला होता, आणि आता त्याला वाहून जाऊ द्यायची परवानगी ती माझ्याकडे मागत होती.