काचेच्या कपाटातला मुकुट

मी दत्तारामचा मुकुट. सध्या नुसता मुकुटच, खाली डोके नाही. मोठ्या हुद्द्यांवर ही अवस्था नवी नाही म्हणतात, म्हणून फारसे वाईट वाटून घेत नाही.

जन्म गोव्यातल्या पार्से गावचा. दत्तारामच्या वडिलांनी मला पांगाऱ्याच्या लाकडात कोरले आणि वर बेगड चिकटवली. जत्रेच्या नाटकात राजाचे सोंग घेण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. वडिलांमागे तो दत्तारामकडे आला. एरवी तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, बागेत काजूच्या बिया वेचतो, पण मी डोक्यावर असलो की खुद्द भाटकारासमोरही त्याची मान लवत नाही.

यंदा त्याची नात सेजल मला आणि त्यालाही आपल्या कॉलेजच्या नाटकासाठी घेऊन गेली. "प्रयोग झाला की मुकुट लगेच परत, आबा. जत्रेआधी नक्की," असा शब्द देऊन.

तिथे निहारसर चारशे वर्षांपूर्वीचे एक इंग्रजी नाटक मराठीत बसवत होते. त्याचे 'वसाहतोत्तर पुनर्वाचन' करायचे होते, म्हणजे इंग्रजांनी आपल्याला कसे दडपले ते दाखवायचे होते. गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले ते पोर्तुगिजांनी, ही बारीकसारीक गोष्ट कोणी काढली नाही. विभाग इंग्रजीचा होता.

राजाच्या कामाला दत्तारामच. प्रेक्षक म्हणून सरांनी गावकऱ्यांची बस भरून आणली. पहिल्याच प्रवेशात राजा हात जोडून देवाला विनवतो. आमच्याकडे शुभकार्याआधी असेच गाऱ्हाणे घालतात आणि जमाव वाक्यागणिक होकार भरतो.

"माझ्या राज्यावरचे अरिष्ट टळू दे," दत्ताराम म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" सभागृह गरजले.

"अरे, गप्प करा त्यांना!" सर विंगेत घामाघूम.

"माझ्या शत्रूचा नाश होऊ दे."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला विंगेत तलवार घेऊन उभा असलेला शत्रूही ओरडला. तोही आमच्या शेजारच्या कोरगावचाच होता.

प्रयोग पाहायला दिल्लीहून आलेल्या एक विदुषी मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. वंचितांचा आवाज म्हणे रंगमंचावर अवतरला होता. सरांनी घाम पुसला आणि नम्रपणे सांगितले, "ही कल्पना माझ्या डोक्यात पहिल्यापासून होती."

तेव्हापासून मी विभागाच्या काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी: 'स्थानिक प्रतिकाराचे प्रतीक. हात लावू नये.'

दत्ताराम दोनदा येऊन गेला. आज तिसऱ्यांदा आला, सेजलला घेऊन.

"सर, जत्रा परवा. मुकुट देतलास मा?"

"आबा, तुमच्या घरी त्याला वाळवी लागेल. इथे तो सुरक्षित आहे. जगभरचे लोक बघतील."

सेजलला राहवले नाही. "सर, लंडनच्या संग्रहालयाने लुटीच्या वस्तू परत कराव्यात, असा लेख तुम्हीच लिहिलात ना?"

"अगं, तो सैद्धान्तिक प्रश्न आहे."

जाताना दत्तारामने सरांना वाकून नमस्कार केला. डोक्यावर मी नव्हतो ना.

वाचकहो, परवा जत्रेत कोणी गाऱ्हाणे घालणार असाल, तर माझ्या सुटकेचेही घाला. काचेआडून "व्हय म्हाराजा" म्हणायला मी बसलोच आहे.