लीलाधरच्या नातीची पत्रिका

सन २०२४. फेब्रुवारी महिना, लग्नसराईचे दिवस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते आणि पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकटी राहत होते.

माझं माहेर खाडीकाठच्या राई गावचं. आमच्याकडे लग्नाची पत्रिका आली की ती आधी कपाळाला लावायची, मग उघडायची, आणि आणणाऱ्याला तोंडभर "येणार हं" म्हणायचं. पत्रिका न उघडता ठेवली तर नवरीच्या मनाला लागतं, असं आई सांगायची. १९७४ पासूनच्या सगळ्या पत्रिका मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जपल्या आहेत.

तो डबा काढून बसायला रीमाला फार आवडायचं. रीमा खालच्या मजल्यावरची, स्वरूपची बायको. स्वरूप घरोघरी कॅमेरे बसवायचा. तोही कधी वर यायचा, पत्रिकांवरची नावं वाचायचा आणि हसायचा, "काकू, ह्यातली निम्मी जोडपी तरी शिल्लक आहेत का?" बाहेर असा हसरा, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावून बायकोवर नजर ठेवणारा. जानेवारीत ती भाजलेला हात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "जिथं जाशील तिथून आणीन, आणि मग पुन्हा चालता येणार नाही," असं त्यानं तिला बजावलं होतं. तिला आईवडील नव्हते. मी तिला राईला, माझ्या शांतावहिनीकडे नेऊन ठेवलं; ती तिला मामी म्हणू लागली. रिक्षात सोबतीला दुसऱ्या मजल्यावरचे सुभाषराव होते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हे आम्हा चौघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. रीमाचा नवा नंबर मी फोनमध्ये 'गॅसवाला' म्हणून घातला होता.

एकदा सुभाषराव चहाला आले असताना म्हणाले, "चंपाताई, तुमचा फोन स्वतःच स्वतःला तपासत असतो, माहितेय? कुठली अॅप आहेत, ती काय करतात, सगळी यादी कंपनीकडे जाते."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे रीमाचे मेसेजही?"

"मेसेज वाचत नसतील. पण कुणाचा भरवसा द्यायचा? ती तपासणी बंद करता येते."

"आणि व्हायरस आला म्हणजे?"

"तुम्ही कुठं काय भलतंसलतं घेता? तुमचा फोन म्हणजे देवघर!"

आम्ही दोघंही हसलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तपासणी बंद केली. मला फार हायसं वाटलं, ते हायसं वाटणं मी अजून विसरलेले नाही.

चारच दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'घोडबंदरच्या लीलाधरकाकांच्या नातीचं लग्न. पत्रिका उघडून पाहा, आशीर्वादाला या.' लीलाधर माझा आतेभाऊ. नात एवढी मोठी झाली? मी फोन कपाळाला लावला आणि पत्रिका उघडली. फोन एकामागून एक परवानग्या मागू लागला. निमंत्रणाला नाही कसं म्हणायचं? मी प्रत्येक ठिकाणी 'हो' दाबत गेले. पत्रिका काही दिसली नाही. नेट कमी असेल, असं वाटून मी त्याच नंबरवर लिहिलं, 'पत्रिका उघडली नाही, पण मी येणार हं. मुलीला आशीर्वाद.'

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास भाजी घेऊन परतले, तर लिफ्टपाशी स्वरूप उभा.

"काय काकू, तब्येत बरी ना? एक विचारू? निवट्या कुठे मिळतात हो?"

"निवट्या?"

"हो, खाडीच्या चिखलातल्या मासोळ्या. त्यांचं कालवण भारी लागतं म्हणे. पहिल्यांदा खाणाऱ्यालाही आवडतं."

तो हसत हसत जिना चढून गेला. आदल्या संध्याकाळी 'गॅसवाल्या'चा मेसेज आला होता. 'काकू, आज मामींनी निवट्यांचं कालवण केलं. पहिल्यांदाच खाल्लं, आवडलं.'

घरात येऊन फोन टेबलावर ठेवला. कालची ती न दिसलेली पत्रिका त्याचीच असणार. तो गरम लागला की माझाच हात गार पडला होता, कोण जाणे. रीमाला फोन करावा, तर स्वरूप ऐकेल. फोन बंद करावा, तर मला कळलं हे त्याला कळेल. मला त्यानं मुद्दाम घाबरवलं होतं, मी घाईघाईनं घराचा पत्ता बोलून बसावं म्हणून. खाडी त्याला कळली होती, गाव कळायचं होतं. माझ्याच घरात मी श्वाससुद्धा हळू घेत होते. टीव्ही मोठ्यानं लावला आणि चपला न घालता, भिंतीला धरून सुभाषरावांकडे उतरले.

ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "माझ्यामुळे झालं, चंपाताई."

"रडायचं नंतर. आधी तुमचा फोन द्या."

त्यांच्या फोनवरून वहिनीला लावला.

"कोन बोलतंय? चंपा? ह्यो कुनाचा नंबर गो?"

"वहिनी, रीमा कुठे आहे?"

"हाय ना, इथंच हाय. मागं मासलीची जाली सोडवते."

"तिला आत घे, कडी घाल. मी येईपर्यंत कुणालाही दार उघडू नको. आणि तिला सांग, फोन बंद कर."

मग मी वर गेले आणि माझ्या फोनवरून सुभाषरावांना लिहिलं, 'रीमा घोडबंदरला किल्ल्याजवळच्या घरात आहे. चार वाजता तिचे कपडे घेऊन या.' घाईत 'कपडे' तीनदा लिहावं लागलं. त्यांचं उत्तर आलं, 'येतो.'

फोन तिथेच ठेवून मी पुन्हा खाली गेले. आम्ही पडद्याआड उभे राहिलो. तोवर मनात कुठेतरी वाटत होतं, म्हातारीचे भास असतील, निवट्यांचं त्यानं सहज विचारलं असेल. पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. स्वरूप धावत गेटपाशी आला, बाईकला किक मारली आणि घोडबंदरच्या दिशेनं निघून गेला.

त्याच्या पाठीला काहीतरी लांबट, कापडात गुंडाळलेलं बांधलेलं होतं.

सुभाषरावांनी माझा दंड घट्ट धरला होता, की मी त्यांचा, ते आता सांगता येणार नाही. आम्ही रिक्षा करून राई गाठली, रीमाला घेतलं आणि तसेच पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या मॅडमनी माझा फोन मागवून घेतला. म्हणाल्या, "आजी, तपासणी चालू असती तर ह्या पत्रिकेआडच्या चोर अॅपला तिनं बहुतेक दारातच अडवलं असतं."

स्वरूपला संध्याकाळी हायवेवर पकडलं. खटला अजून चालू आहे. तो जामिनावर बाहेर आहे, नालासोपाऱ्याच्या पुढे कुठेतरी राहतो म्हणतात. लिफ्टचं दार उघडताना आजही मी आधी आत डोकावते. शांतावहिनी मागल्या वर्षी गेली. दारं लावून घ्यायची सवय तिला त्या दिवशी लागली ती शेवटपर्यंत होती. सुभाषराव आता बिल्डिंगमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा फोन घेऊन ती तपासणी चालू आहे ना, ते बघतात. लोक कंटाळतात, पण ते ऐकत नाहीत. लीलाधरची नात सान्वी तेव्हा सातवीत होती. तिला ही गोष्ट सांगितली तर हसून लोळली.

रीमा दुसऱ्या शहरात शिवणकाम शिकवते. माझ्या नव्या फोनवर तपासणी चालू असते. माझी यादी कंपनीला कळते, कळू दे. पण रीमाचा पत्ता फोनमध्ये नाही. तो त्या पत्र्याच्या डब्यात, एका पत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला आहे.

कुठल्या पत्रिकेच्या, ते मी इथे लिहिणार नाही.